पाटल्यांचं पान

(वडोदऱ्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आमची आजी दांडिया बाजारात राहायची. माझ्या वडिलांच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी तिने पाटल्या मोडल्या, पण तो पैसा घरखर्चाच्या हिशोबात धरलाच नाही. वही मागच्या बाजूने उघडली, पानावर ‘पाटल्या’ असं लिहिलं आणि खाली फी, पुस्तकं, ड्रॉइंग बोर्ड अशी पैन् पैची नोंद ठेवली. भाजी-दूध त्या पानावर कधी आलं नाही. म्हणायची, “पाटल्या काय दर महिन्याला हातात उगवणार आहेत?”

मंडळी, तेल, हिरे, तांबं विकून देशाला मिळणारा पैसा हा मोडलेल्या पाटल्यांचाच पैसा असतो. बहुतेक सरकारं मात्र तो पगारासारखा खर्च करतात. नायजेरियात ओलोइबिरी गावी १९५६ साली तेल लागलं. पुढे तिथल्या विहिरी बंद पडल्या आणि गाव गरीबच राहिलं.

बोट्स्वाना १९६६ साली स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या अगदी गरीब देशांपैकी एक होता. वर्षभरात ओरापाला हिरे सापडले, तेही पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्याच जमातीच्या मुलखात. पण जमिनीखालची संपत्ती एका जमातीची नाही, साऱ्या देशाची, हे त्यांनी आपल्या माणसांना आधीच पटवलं होतं. मला ही गोष्ट हिऱ्यांपेक्षा मोलाची वाटते. पुढे तिथे एक दंडक पडला: खाणीचा पैसा रोजच्या सरकारी खर्चात घालायचा नाही, रस्ते, पाणी, शाळा, दवाखाने यांतच घालायचा. शिक्षण आणि आरोग्य त्यांनी गुंतवणुकीत मोजलं. १९९४ पासून उरलेल्या पैशाचा पुला फंडही आहे. विषमता तिथे अजून फार आहे, हेही सांगायला हवं. पण एका पिढीत तो देश कुठून कुठे आला!

आफ्रिकेतल्याच चाड या देशात याच्या उलट झालं. जागतिक बँकेच्या मदतीने पाइपलाइन झाली, २००३ मध्ये तेल वाहू लागलं. कायदा चांगलाच होता: तेलाच्या थेट मिळकतीतले १० टक्के पुढच्या पिढ्यांसाठी. दोन-अडीच वर्षांत सरकारने तोच कायदा बदलला, तो फंड मोडला आणि शाळा-दवाखान्यांसारख्या अग्रक्रमाच्या खर्चांच्या यादीत सुरक्षेचा खर्चही बसवला. कुलूप भक्कम होतं, पण किल्ली ज्याच्यापासून तिजोरी जपायची त्याच्याच कमरेला होती.

म्हणून मी फंडापेक्षा वहीबद्दल जास्त बोलतो. आजीचं पान घरात कुणीही उघडून बघू शकत होतं.

आपल्याकडे खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली. मोठ्या खनिजांच्या जुन्या खाणपट्ट्यांवर रॉयल्टीच्या, म्हणजे खनिज काढल्याबद्दल सरकारला द्यायच्या रकमेच्या, ३० टक्के, लिलावाने दिलेल्यांवर १० टक्के रक्कम त्यात जमा होते. ती खाणीची धूळ खाणाऱ्या गावांसाठी आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी चौक सुशोभित करण्यासाठी नाही.

छोटा उदेपूर २०१३ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं. तिथला डोलोमाइट आपल्या रस्त्यांवरून ट्रक भरभरून जातो. तो आदिवासी भाग अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे घटनेने खास संरक्षण दिलेल्या भागात, येतो, आणि तिथे या निधीच्या कामांना ग्रामसभेची मंजुरी लागते. तुमच्यापैकी जे तिकडे नोकरीला, शाळा तपासायला, दवाखान्यात जातात, त्यांनी गावात एवढं विचारावं: ग्रामसभा कधी भरली, काय मंजूर झालं, आणि त्याचा हिशोब गुजरातीत पंचायतीच्या भिंतीवर लागला आहे का?