चिपळुणात भाड्याने घर शोधताय? आधी पाणी कुठपर्यंत चढतं ते विचारा

नमस्कार मंडळी! तर आजचा विषय आहे चिपळूण. म्हणजे फिरायला नाही हां, राहायला. लोट्याच्या एमआयडीसीत नोकरी लागली, डेरवणच्या हॉस्पिटलला जॉईन झालात, बँकेची बदली झाली, डीबीजे कॉलेजला ॲडमिशन मिळाली, काहीही असो, तुम्हाला इथे भाड्याने घर हवंय आणि तुम्ही पुण्याहून नाहीतर मुंबईहून मोबाईलवर "चिपळूण टू बीएचके" सर्च करताय, आणि समोर येतंय काय तर चार जुन्या जाहिराती, त्यातल्या दोन फ्लॅट विकायच्या. बरोबर ना?

तर पहिलं ते क्लिअर करूया. छोट्या गावात भाड्याची घरं ॲपवर नसतात. ती असतात किराणावाल्याच्या डोक्यात, मेडिकलवाल्याच्या डोक्यात, सोसायटीच्या गेटवर खडूने लिहिलेल्या पाटीवर आणि तुमच्या ऑफिसातल्या शिपाईमामांकडे. शिपाईमामा तर हमखास. एजंट आहेत, नाही असं नाही, एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज घेतात, पण एजंट तुम्हाला दाखवणार ती रिकामी घरं, आणि या गावात एखादं घर बरेच दिवस रिकामं का पडलंय हे तुम्हाला कळलं पाहिजे.

आता मुद्द्याचं बोलते. दुसऱ्या कुठल्या गावात असता तर मी म्हटलं असतं बाजार जवळ बघा, शाळा जवळ बघा. चिपळुणात पहिला प्रश्न एकच, "इथे एकवीसला पाणी कुठपर्यंत होतं?"

एकवीस म्हणजे 22 जुलै 2021. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वाशिष्ठी गावाला लागून वाहते, तिला मिळणारी शिवनदी गावाच्या मधूनच जाते, पाऊस इथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पडतो, आणि वाशिष्ठीला गोवळकोटपर्यंत भरती येते. म्हणजे वरून सह्याद्रीचं पाणी उतरतंय आणि खालून खाडी फुगलीये, अशी वेळ आली की मधल्या गावाने जायचं कुठे? त्यात कोयना धरणाच्या पाण्यावर वीज तयार झाली की ते पाणी कोळकेवाडी धरणातून वाशिष्ठीतच येतं. पुराला कोयनेचं पाणी किती जबाबदार आणि पाऊस किती, यावर इथे अजून भांडणं चालतात, चहाच्या टपरीवर विषय काढून बघा, तुमचा अर्धा तास गेलाच म्हणून समजा. ते आपण बाजूला ठेवू. भाडेकरूला एवढंच कळायला हवं की बाजारपेठ, चिंचनाका, मार्कंडी, भोगाळे, एसटी स्टँडचा परिसर, मुरादपूर रोड, बेंदरकर आळी, परशुराम नगर, आणि कराड रोडला खेर्डी, इथे त्या दिवशी पाणी होतं. गुडघाभर नाही. पहिल्या मजल्यावरची माणसं दुसऱ्यावर गेली, काही जण छतावर बसून होती, एनडीआरएफच्या बोटी आल्या होत्या.

आणि यातली एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. एकवीसच्या आधी इथल्या लोकांचं माप होतं 2005 चं. 26 जुलै 2005 ला पण मोठा पूर आला होता, आणि त्यानंतर जो तो म्हणायचा, "आमच्याकडे 2005 ला पण पाणी आलं नव्हतं, बिनधास्त राहा." एकवीसला पाणी त्याच्याही वर गेलं. म्हणून घरमालक तुम्हाला म्हणाले ना की आमच्याकडे कधीच पाणी येत नाही, तर "कधीच" म्हणजे कुठल्या सालापासून ते विचारा. घर 2022 नंतर बांधलेलं असेल तर अर्थातच त्या घरात कधी पाणी आलेलं नाही. खरं बोलतायत ते!

मग म्हणाल, हे सगळे एरिया सोडून द्यायचे का? अजिबात नाही. आणि इथेच माझं मत बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे. चिपळुणात एरियापेक्षा मजला महत्त्वाचा. मार्कंडीतला तिसरा मजला मला चालेल, बाजार पायाखाली, डॉक्टर जवळ, भाजी जवळ, रात्री दहाला पण रिक्षा मिळते. पण तिथेच तळमजल्यावर घर असेल, भाडं दोन-तीन हजारांनी कमी सांगत असतील, तर ते कमी का सांगतायत हे तुम्हाला आता कळलंच असेल. वरच्या मजल्यावर घर घेतलंत तरी बाईक आणि गाडी खालीच लागणार आहे हे विसरू नका. पावसाळ्यात अलर्ट आला की इथले लोक गाड्या चढावर नेऊन लावतात, तशी जागा जवळपास कुठे आहे ते आधीच बघून ठेवा. शेजाऱ्याला विचारलंत तर तो लगेच सांगेल, त्याचीही गाडी तिथेच असते.

घर बघायला गेल्यावर काय बघायचं? भिंत बघू नका, भिंतीला रंग मारता येतो. खिडकी सरकवा. स्लायडिंगच्या खालच्या पट्टीत, कोपऱ्यात, बोट घालून बघा, करडा बारीक गाळ असतो, सुकून सिमेंटसारखा झालेला, तो कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही. मग लाकडी चौकटीचा खालचा भाग बघा, फुगलाय का, नवीन तुकडा जोडलाय का. जिन्याखालचा लाईटचा मीटर बॉक्स बघा, आजूबाजूच्या बिल्डिंगपेक्षा बराच वर नेऊन बसवला असेल तर कोणीतरी अनुभवातून शहाणं झालेलं आहे. आणि पाण्याचा पंप कुठे आहे? तो खाली असेल तर पूर ओसरल्यावर तुमच्या तिसऱ्या मजल्यावर पण प्यायला थेंब नाही.

यानंतर खाली उतरा, कोपऱ्यावरच्या दुकानात जा, एक बिस्किटचा पुडा घ्या आणि विचारा, "काका, एकवीसला इथे कुठपर्यंत होतं हो?" काका हात वर करून दाखवतात, "त्या बोर्डाच्या वर." पुढे विचारावं लागत नाही, सगळं आपणहून सांगतात, किती वाजता पाणी शिरलं, फ्रीज कुठे वाहत गेला, कोणाच्या गच्चीवर जेवण झालं. घरमालकाचा स्वभाव पण त्यातच कळून जातो.

सरकारी भाषेत दोन पूररेषा असतात, निळी आणि लाल. निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. चिपळुणात या रेषांवरून मोठं आंदोलन झालंय, कारण गावाचा केवढा तरी भाग त्यात येतो आणि बांधकामावर निर्बंध येतात. भाडेकरूला त्यातलं राजकारण कळलं नाही तरी चालेल, नगरपरिषदेत नकाशा बघायला मिळाला तर बघा, नाहीतर बिस्किटचा पुडा आहेच.

बरं, आता दुसरा मुद्दा, नदीची कुठली बाजू. हा नवीन माणसाला अजिबात लक्षात येत नाही. तुम्ही लोटे परशुराम एमआयडीसीत कामाला असाल तर तुमचं काम उत्तरेला, वाशिष्ठीच्या पलीकडे, परशुराम घाट चढून. डेरवण, सावर्डे असेल तर दक्षिणेला, कामथे घाटाच्या दिशेने. एकवीसला हायवेवरच्या वाशिष्ठी पुलावरची वाहतूक बंद झाली होती, कोकण रेल्वे थांबली होती, आणि परशुराम घाट तर चौपदरीकरणाच्या काळात दरडींमुळे कितीदा बंद राहिलाय. म्हणजे लोट्याच्या माणसाने गावाच्या दक्षिणेला, कापसाळला घर घेतलं तर रोजचं गाव ओलांडणं, पूल ओलांडणं, घाट चढणं, आणि जुलैमध्ये सुपरवायझरला फोन, "साहेब, पलीकडे अडकलोय." कंपनीची बस असेल तर तिचे स्टॉप विचारा आणि त्या स्टॉपपासून चालत घर शोधा, बाकी काही बघूच नका. एकटे असाल, गावाची हौस नसेल, तर सरळ लोट्यातच किंवा खेडला राहिलेलं बरं. डेरवणवाल्यांना सावर्डे आहे, छोटं आहे पण रोजचं सगळं मिळतं.

आणि रेल्वे स्टेशन "जवळ" या शब्दाला फसू नका. स्टेशन गावात नाही, वालोप्याकडे आहे. दर शनिवारी ट्रेनने घरी जाणार असाल तर बहाद्दूरशेख नाक्याच्या बाजूला घर असलेलं सोयीचं, फक्त तिथे पण तोच एकवीसचा प्रश्न विचारायचा.

उंचावर घेतलं की सुटलो असंही समजू नका हां. कापसाळकडे किंवा हायवेच्या वरच्या अंगाला नवीन बिल्डिंगा झाल्यात, हवा छान, पाणी भरायची भीती कमी. पण मागे डोंगर कापलेला असेल तर जाऊन बघा, संरक्षक भिंत आहे का, तिच्यातून पाणी जायला पाईप सोडलेत का, वरची माती उघडी आहे का. परशुराम घाटाखालच्या पेढे गावात 2021 च्या त्याच पावसात घरांवर दरड आली होती. इथे पाणी वाईट तसा डोंगरही वाईट, मधलं बघायचं.



आता हे तुम्ही कमेंटमध्ये विचारणारच आहात म्हणून, हो, मगरी आहेत. वाशिष्ठीत भरपूर आहेत, आणि 2024 च्या पावसाळ्यात रस्त्यावरून निवांत चालत जाणाऱ्या मगरीचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल, तो आमचाच. त्यावरून घर निवडायची गरज नाही. नदीकाठी पोरांना एकटं सोडू नका, एवढंच.

पाणी म्हटलं की पूरच आठवतो, पण मे महिन्याचं पण विचारा. नळ किती वाजता येतो, किती वेळ येतो, बिल्डिंगला बोअर आहे का. नगरपरिषद वाशिष्ठीचं पाणी उचलते आणि कोयनेची वीजनिर्मिती बंद राहिली की नदीची पातळी खाली जाते, मग नळाची पण बोंब होते. एवढा पाऊस पडतो आणि मेमध्ये बादल्या भरून ठेवतो, कोकण आहे बाबा.

ओल! ही राहिली. दुपारी घर बघू नका, आणि एप्रिलमध्ये बघितलं असेल तर पश्चिमेच्या भिंतीला कपाट लावलंय का ते बघा, मालकाने त्याच्यामागे बुरशी लपवलेली असू शकते. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर वरच्या मजल्याचं गळणं वाचतं आणि कपडे वाळतात, इथे जून ते सप्टेंबर कपडे वाळणं हा घराचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे, मी सांगते म्हणून लिहून ठेवा.

माणसांचं थोडं बोलूया. मालक त्याच घरात वर राहत असतील तर दोन्ही बाजू आहेत. पंप बिघडला, लाईट गेली, सगळं पटकन होतं, पण रात्री अकराला गेटचा आवाज झाला की सकाळी काकू विचारणार, "काल उशीर झाला का गं?" बॅचलर मुलांना, एकट्या मुलींना जास्त प्रश्न येतात, आडनाव पण विचारलं जातं, नॉनव्हेजचं पण, हे बदलायला हवं पण आज आहे तसं सांगतेय. आणि जुन्या घरात वरची खोली मालकाच्या मुंबईच्या भावाची असते. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येणार, दहा-पंधरा माणसं, बाथरूम कॉमन असेल तर ते आठ-दहा दिवस कसे काढायचे ते आधीच ठरवा. गंमत म्हणजे त्या दिवसांत तुम्हाला घरी स्वयंपाक करावा लागत नाही.

ॲग्रीमेंट. "आपल्यात कशाला कागद" असं प्रेमाने म्हणतील, तरी करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर असायलाच हवा, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. लिव्ह अँड लायसन्स ऑनलाईन होतं, एकूण भाड्यावर 0.25 टक्के स्टॅम्प ड्युटी, डिपॉझिटचा थोडा हिशोब त्यात येतो, आणि नगरपरिषद हद्दीत 1000 रुपये रजिस्ट्रेशन, ग्रामपंचायतीत 500. मालकाने रजिस्टर केलं नाही आणि उद्या वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, म्हणजे खरंतर कागद त्यांच्याच फायद्याचा आहे, असं हसत हसत सांगून बघा, बरेचदा पटतं.

आणि त्यात चिपळूणवाली एक ओळ घालून घ्या, जी छापील फॉरमॅटमध्ये नसते. घरात पुराचं पाणी शिरलं तर गाळ काढायचा खर्च कोणाचा, वायरिंगचा कोणाचा, आणि घर राहण्यालायक होईपर्यंत भाडं चालू राहणार की थांबणार. तोंडी ठरवू नका, टायपिंग करणाऱ्याला शेजारी बसून सांगा आणि सही करायच्या आधी ती ओळ वाचून घ्या. लाईट बिलाची जुनी थकबाकी नाही ना, तेही त्याच वेळी मालकाकडून शेवटचं बिल मागून बघा, आणि घरी जाताना मीटरचा फोटो काढा.