‘पाहा’ म्हणणारं कार्ड

ग्रंथपाल मित्रहो, ज्यांनी तालिकेची, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकसूचीची, लाकडी खणांतली कार्डं हाताळली आहेत, त्यांना एक कार्ड नक्की आठवेल. त्यावर दाखलअंक नसे, वर्गांक नसे. एवढंच असे: ‘बेडेकर, मालती. पाहा: शिरूरकर, विभावरी’. ही दोन नावं एकाच बाईंची, एवढं सांगून ते कार्ड थांबे. माहेरचं बाळूताई खरे धरलं तर नावं तीन. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा केवढी खळबळ उडाली! ही विभावरी कोण, याचीच चर्चा. पुढे कोडं सुटलं, आणि कुणा तालिकाकारानं ते उत्तर पुढच्या वाचकांसाठी कार्डावर लिहून ठेवलं.

तालिकेचा जीव मला त्या कार्डात दिसतो.

संगणक आले तेव्हा आपण रकाने भरले: शीर्षक, लेखक, प्रकाशक, किंमत. ‘पाहा’ कार्डं बहुतेक ठिकाणी तशीच राहिली आणि खणांबरोबर रद्दीत गेली. दोष यंत्राचा नव्हता. कोहासारखी ग्रंथालयांसाठीची संगणकप्रणाली २००० सालापासून मोफत मिळते, तिच्यात नामनोंदींची, म्हणजे एकाच लेखकाची सगळी नावं जोडून ठेवण्याची, स्वतंत्र सोय आहे. आपणच तालिकेला मालाची यादी समजू लागलो. तशी यादी पुस्तकं विकणारं कुठलंही संकेतस्थळ देतं, मुखपृष्ठासकट देतं. मग वाचकानं आपल्याकडे का यावं?

सातासमुद्रापलीकडची गोष्ट सांगतो. अमेरिकेनं भारताला धान्य विकलं, त्याच्या रुपयांतून १९६२पासून पीएल-४८० योजनेखाली इथली पुस्तकं घेतली गेली. त्यात मराठीही होती. ती तिकडच्या विद्यापीठांत पोचली, नीट जपली गेली. नोंदी मात्र रोमन लिपीत झाल्या, आणि नियम असा की व्यंजनातला प्रत्येक ‘अ’ लिहायचा. म्हणून ‘शिरूरकर’च्या शेवटच्या ‘र’नंतरही रोमन ‘a’ हे अक्षर येतं, ‘क’च्या आधीच्या ‘र’नंतरही येतं. न्यू जर्सीत वाढलेली मुलगी आजीच्या आवडीचं पुस्तक शोधताना असं स्पेलिंग का टाइप करील? पुस्तक जवळच्या कपाटात असेल आणि तिला त्याचा पत्ता लागणार नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

वेबवर माणसाच्या नोंदीला कायमचा पत्ता देता येतो. राष्ट्रीय ग्रंथालयांच्या नामनोंदी व्हीआयएएफ या आंतरराष्ट्रीय नामसूचीत एकत्र जोडल्या जातात. २०१२ साली सुरू झालेल्या विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यात तर तुम्ही-आम्हीही भर घालू शकतो. बाळूताई, मालतीबाई, विभावरी, देवनागरी आणि रोमन, सगळं एका क्रमांकाखाली. एकदा जोडलं की नाशिकच्या वाचकाला आणि शिकागोच्या वाचकाला ते सारखंच उपयोगी पडतं.

केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, हे कुणीही सांगेल. पण तुमच्या तालुक्यात चाळीस वर्षांपूर्वी टोपणनावानं दोन कवितासंग्रह छापणारे शिक्षक कोण, हे तुमच्या वाचनालयात रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या सभासदांनाच ठाऊक असतं. त्या नोंदी आधी करा. ही माणसं आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत.