बाप्तिस्मा एक, मेज वेगळे

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार. १८ ते २५ जानेवारी हा आठवडा जगभरातील अनेक ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे चर्च, ऐक्याच्या प्रार्थनेसाठी राखून ठेवतात. त्या निमित्ताने ख्रिस्ती पंथांमधील मतभेदांविषयी मी आज आपल्याशी बोलणार आहे. तुमचा प्रभू एक असताना मंडळ्या इतक्या निरनिराळ्या कशा, असे माझे स्नेही मला पुष्कळदा विचारतात. भेद वरवरचे आहेत, मुळात सगळे एकच, असे उत्तर देऊन मोकळे होता येते. परंतु ते उत्तर मला खरे वाटत नाही.

आपल्याकडे कोण कोणत्या पंथाचा, हे बहुतांशी त्याच्या मुलखात कोणते मिशन आले यावरून ठरले. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली, म्हणून तिथला ख्रिस्ती समाज रोमच्या पोपला मानणारा, म्हणजे कॅथलिक झाला. अहमदनगरला १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले ते काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळीने आपला कारभार आपणच पाहावा असे मानणाऱ्या परंपरेतून. आणि नागपूरला स्टीफन हिस्लॉप आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्च या प्रेस्बिटेरियन, म्हणजे वडीलजनांच्या सभेने कारभार चालवणाऱ्या मंडळीचे. पोपच्या मंडळीपासून वेगळी प्रोटेस्टंट वाट घालून देणारे लूथर आणि कॅल्व्हिन यांची नावेही ज्याने ऐकली नव्हती, त्या शेतकऱ्याच्या घरात सोळाव्या शतकातील युरोपचा वाद असा न मागता आला. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या मंडळीत झाला. ख्रिस्ती देशांतील पंथांचा गलबला पाहून आपले मन किती गोंधळले, हे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

मात्र वारशाने आलेला भेद तेवढ्यामुळे पोकळ ठरत नाही. बाप्तिस्म्याचाच प्रश्न घ्या. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि मेथडिस्ट मंडळ्या तान्ह्या बालकालाही बाप्तिस्मा देतात, कारण माणसाने होकार देण्याआधीच देवाची कृपा त्याच्याकडे आलेली असते आणि विश्वासणाऱ्यांचे मूल देवाने आपल्या लोकांशी केलेल्या करारात जन्मते, अशी त्यांची श्रद्धा आहे. बॅप्टिस्ट आणि ब्रदरन मंडळ्यांचे म्हणणे असे, की दुसऱ्याच्या वतीने विश्वास ठेवता येत नाही. आधी पश्चात्ताप, मग स्वमुखाने कबुली आणि त्यानंतरच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा. एका पक्षाच्या दृष्टीने पुन्हा बाप्तिस्मा देणे म्हणजे देवाने केलेले कार्य नाकारणे होय, तर दुसऱ्या पक्षाच्या दृष्टीने बालपणी झाला तो बाप्तिस्माच नव्हे. हा वाद निम्म्यावर तोडता येत नाही.

म्हणूनच २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला जे घडले, त्याचे मोल मला फार वाटते. त्या दिवशी अँग्लिकन मंडळी, काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियनांची मिळून एक संयुक्त मंडळी, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स अशा सहा मंडळ्या मिळून उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली. १९२९ मध्ये लखनौला सुरू झालेली बोलणी त्यापूर्वी एक्केचाळीस वर्षे चालली होती. बाप्तिस्म्याच्या बाबतीत त्यांनी दोन्ही वाटा खुल्या ठेवल्या. आईबापांनी बालकाला बाप्तिस्मा द्यावा आणि मोठेपणी त्याने स्वतः विश्वास कबूल करावा. किंवा प्रार्थना करून बालकाचे देवाला समर्पण करावे आणि जाणत्या वयात त्याने बाप्तिस्मा घ्यावा. वाट कोणतीही असो, पाणी आणि स्वतःची कबुली या दोन्ही गोष्टी तिच्यात आहेतच. एका मंडळीत राहण्यासाठी कोणालाही आपली श्रद्धा खोटी म्हणावी लागली नाही. बिशप नसलेल्या परंपरांनी बिशप स्वीकारले आणि अँग्लिकनांनी बिशपच्या हातून दीक्षा न झालेल्या पाळकांना आपले मानले. यासाठी किती मन मोठे करावे लागले असेल, हे मंडळीत वाढलेल्या माणसालाच कळेल. हेही सांगितले पाहिजे, की दक्षिण आशियातील मेथडिस्ट मंडळी अखेरच्या क्षणी बाहेर राहिली आणि काही ठिकाणी विलीनीकरणाचे व मालमत्तेचे वाद न्यायालयांत गेले.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातील अंतर याहून खोल आहे. माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो, या ज्या प्रश्नावरून लूथरच्या काळी फाटाफूट झाली, त्यावर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि लूथरन मंडळ्यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याच्या नावाने पाण्याने झालेला प्रोटेस्टंटांचा बाप्तिस्मा कॅथलिक मंडळी खरा मानते. तरीही प्रभूच्या मेजाशी, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणाची भाकर घेण्यासाठी, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकत्र येत नाहीत. भाकर खरोखर ख्रिस्ताचे शरीर होते आणि पूर्ण ऐक्य असेल तरच ती एकत्र घ्यावी, ही कॅथलिक श्रद्धा आहे, आणि तिचा मी मनापासून आदर करतो.

आम्ही प्रोटेस्टंट, आणि माझ्या धाकट्या भावाची पत्नी वसईची, कॅथलिक. त्यांच्या लग्नाच्या मिस्सेला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, आमची आई पहिल्या बाकावर बसली होती. गीते मराठीच होती आणि आईने ती सगळी गायली. ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे ती भाकर घेण्याची वेळ झाली, तशी विहीणबाईंसह वसईची सारी मंडळी उठून रांगेत गेली. जाणाऱ्यांना वाट मिळावी म्हणून आईने पाय आखडून घेतले आणि रांग परत येईपर्यंत ती हात जोडून, डोळे मिटून बसून राहिली. विहीणबाई परतल्या तेव्हा त्यांचेही डोळे भरलेले होते, आणि त्या न बोलता आईला अगदी खेटून बसल्या.

त्या बाकासाठी आणि त्या रांगेसाठी मी या आठवड्यात रोज प्रार्थना करीत आहे. नमस्कार.