दोन दिवे, एक नाव

[दृश्य: अंधुक दालन. काचेआड जमिनीलगत काहीतरी भलं मोठं पसरलेलं. हळूहळू उजेड वाढतो.]

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये हा गालिचा बघायचा तर घड्याळाकडे लक्ष ठेवावं लागतं. तासाला आणि अर्ध्या तासाला, फक्त दहा मिनिटं, त्याच्यावरचे दिवे उजळतात. बाकी वेळ मिणमिणता उजेड. रंग विटू नयेत म्हणून ही काटकसर.

दहा मिनिटं आहेत, तर आधी आकार बघून घेऊ. लांबी साडेदहा मीटर, रुंदी पाच मीटरच्या वर. म्हणजे सुमारे 600 चौरस फूट. मुंबईत एवढ्या जागेत एक अख्खं बिऱ्हाड मावतं. आपण ज्याला गालिचा म्हणतो तो शब्द फारसीतून आलेला. तिथे मोठी ती ‘काली’ आणि लहान ती ‘कालीचा’. त्या हिशेबाने याला गालिचा म्हणणं म्हणजे हत्तीला लाडाने पिल्लू म्हणण्यासारखं आहे.

हा अर्दबिलचा गालिचा. इराणच्या वायव्येला अर्दबिल शहर आहे, तिथे शेख सफीउद्दीन या सूफी संताचा दर्गा आहे. शेख 1334 साली वारले. पुढे त्यांच्याच वंशजांनी इराणचं राज्य मिळवलं, ते सफवी घराणं. त्या घराण्यातल्या शाह तहमास्पच्या काळात हा गालिचा विणला गेला. साल शोधायला लांब जावं लागत नाही, ते गालिच्यातच विणलंय: हिजरी 946, म्हणजे इ.स. 1539-40.

[दृश्य: मधलं पिवळं पदक. कॅमेरा सावकाश वरून खाली.]

गडद निळ्या जमिनीवर मधोमध सूर्यासारखं पिवळं पदक. त्याच्याभोवती बदामाच्या आकाराची सोळा टोकदार पानं. चारही कोपऱ्यांत त्याच पदकाचा एकेक चतकोर. आणि निळाईभर वेली, एकमेकींखालून-वरून जाणाऱ्या. एक वेल डोळ्यांनी धरा आणि चालत राहा. मध्येच दुसरी आडवी येते, पण पहिली तुटत नाही. फुलामागे जाते आणि पलीकडून बरोबर निघते. हे सगळं आधी कागदावर आखलेलं असणार. असली वळणं मागावर बसून सुचत नसतात.

पण कागदावरची रेघ आणि लोकरीतली रेघ यांत फरक आहे. गालिच्यात रेघ नसतेच, असतात फक्त ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एक गाठ.

[दृश्य: माग. विणकराची बोटं, अगदी जवळून.]

मागावर उभे ताणलेले धागे, हा ताणा. अर्दबिलच्या गालिच्यात तो रेशमाचा आहे. रेशीम बारीक आणि चिवट, म्हणून धागे दाटीने बसतात. विणकर शेजारचे दोन धागे बोटाने पुढे ओढतो. लोकरीचा तुकडा एकाभोवती पुरता गुंडाळतो, दुसऱ्याच्या नुसता मागून काढतो, खाली खेचतो आणि सुरीने कापतो. झाली गाठ. तुम्ही हे वाक्य ऐकेपर्यंत सराईत हाताने दोन-तीन मारल्या असत्या. ओळ भरली की आडवा बाणा घालायचा आणि जड फणीने ठोकून बसवायचा. मग पुढची ओळ.

या गाठीला ‘सेन्ना’ गाठ म्हणण्याचा प्रघात आहे. गंमत अशी की सेन्ना, म्हणजे आजचं सनंदज, तिथले विणकर ही गाठ मारतच नाहीत. ते दोन्ही धाग्यांना वेढा देणारी दुसरी गाठ मारतात. नाव कुणी दिलं देव जाणे, पण चिकटलं ते चिकटलंच.

इथे एका चौरस इंचात तीनशेच्या वर गाठी आहेत. सगळ्या मिळून अडीच कोटींहून जास्त. एकट्या माणसाने रोज आठ हजार गाठी मारल्या, एकही सुट्टी घेतली नाही, तरी साडेआठ वर्षं लागतील. अर्थात एकट्याने हे केलेलं नाही. एवढ्या रुंद मागासमोर फळीवर खांद्याला खांदा लावून बरेच जण बसलेले असणार. इराणच्या कितीतरी कारखान्यांत एकजण नक्षी सुरात वाचून दाखवायचा, दोन निळे, एक लाल, तीन पिवळे, आणि बाकीचे ऐकत गाठी मारायचे.

रंग दहा. नीळ घातलेल्या पिंपातून लोकर काढली की आधी हिरवट पिवळी दिसते आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळी होते. पिवळ्यासाठी डाळिंबाची साल. इराणी रंगाऱ्याचा लाल बहुधा मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांतून यायचा, आणि ती मुळं चांगली जून व्हावी लागतात. काळा मात्र दगाबाज. त्यात लोखंडाचा अंश असतो आणि तो लोकर खातो. जुना गालिचा हाती आला तर काळ्या रेघांवरून बोट फिरवा. तिथे बोट किंचित खाली जातं, आजूबाजूची फुलं उठून लागतात. अशी झीज दुकानात घडवता येत नाही, असं म्हणायचा मोह होतो. पण दुकानदार हुशार असतात, तेव्हा ते सोडून देऊ.

[दृश्य: पदकाच्या दोन टोकांना लटकणारे दोन दिवे.]

पदकापासून दोन बाजूंना मशिदीतले दोन दिवे टांगलेत. नीट बघा, एक मोठा आहे, एक लहान. लहान दिव्याच्या बाजूला बसलं की दोन्ही सारखे दिसावेत म्हणून असं केलं, असं काहीजण म्हणतात. पण अंतरानुसार आकार बदलण्याची ही युक्ती त्या काळी इराणमध्ये वापरल्याचा पुरावा नाही. दुसरी कथा सगळ्या गालिचेवाल्यांना पाठ असते: परिपूर्ण फक्त ईश्वर, म्हणून विणकर मुद्दाम एक चूक ठेवतो. मला ही कथा विकणाऱ्यांच्या सोयीची वाटते. अडीच कोटी गाठी मारणाऱ्याला चूक मुद्दाम करावी लागत असेल?

[दृश्य: एका टोकाची लहानशी चौकट. फारसी अक्षरं.]

या चौकटीत फारसी कवी हाफिजच्या गझलेतला शेर आहे. अर्थ असा: तुझ्या उंबरठ्यावाचून मला जगात आसरा नाही, या दाराखेरीज डोकं टेकायला ठाव नाही. नामदेवाची पायरी ठाऊक असलेल्यांना हे वेगळं उलगडून सांगायला नको. खाली सही: उंबरठ्याचा दास, मकसूद काशानी. काशानचा मकसूद. तो बहुधा कामाचा सूत्रधार असावा, कदाचित नक्षी आखणारा. फळीवर बसलेल्यांपैकी कुणाचंही नाव इथे नाही.

1893 मध्ये म्युझियमने हा गालिचा 2,000 पौंडांना घेतला. घ्यावा की नाही हे सांगायला विल्यम मॉरिसला बोलावलं होतं. तो स्वतः नक्षीकार, त्याने मनापासून शिफारस केली. एक गोष्ट मात्र तेव्हा गुलदस्त्यात राहिली. गालिचे दोन होते, जोडीचे. दोन्ही झिजलेले, फाटलेले. एक अखंड दिसावा म्हणून दुसरा कापला आणि त्याचे तुकडे याला जोडले.

तो दुसरा पुढे अमेरिकेत गेला. तेलसम्राट जे. पॉल गेटीने तो विकत घेतला आणि 1953 मध्ये लॉस एंजेलिसच्या संग्रहालयाला देऊन टाकला. तोही सुंदर आहे, काहींच्या मते रंगाने याच्यापेक्षा ताजा. त्याच्यावरही तीच चौकट, तोच शेर, तीच सही. फक्त भोवतीचा काठ नाही.

[दृश्य: लंडनच्या गालिच्याचा काठ, जवळून. उजेड मंदावत जातो.]