बाहेर – कोपीसमोर – पहाट

(दृश्य : साखर कारखान्याजवळचा ऊसतोड मजुरांचा तळ. पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या. पुठ्ठ्याच्या चौकोनी तुकड्यावर एक मुलगी खडूने तीन शब्द लिहिते.)

निवेदन :
बाहेर. कोपीसमोर. पहाट.
हा पटकथेतल्या एका दृश्याचा मथळा. घटना आत घडते की बाहेर, कोणत्या जागी आणि कोणत्या वेळी, एवढंच त्यात सांगायचं असतं. सुटे शब्द वाचता येतात पण परिच्छेद वाचताना दमछाक होते, अशा मुलालाही हा मथळा पूर्ण लिहिता येतो. ‘माझा आवडता सण’ असं फळ्यावर लिहिलं, तर त्याच मुलाची वही तासभर कोरी राहते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, आष्टी या भागांतून ऊसतोडीला टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशोब. टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते. मुलाची शाळा आहे म्हणून मागे थांबता येत नाही. काही मुलं गावातल्या हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची आईबापांबरोबर तळावर येतात. मार्च-एप्रिलपर्यंत त्यांची शाळा तुटक-तुटकच चालते. या मुलांना लिहितं करायला पटकथा, म्हणजे फिल्मसाठी दृश्यादृश्याने लिहिलेली गोष्ट, कशी वापरायची आणि शेवटी ती मोबाइलवर कशी चित्रित करायची, त्याची ही माहिती.

(दृश्य : झाडाखाली वर्ग. एक मुलगा उभा राहून काहीतरी करून दाखवतो, बाकीचे ओरडून सांगतात.)

निवेदन :
पटकथेचा एकच नियम मुलांना पाठ करायला लावावा : जे दिसतं आणि जे ऐकू येतं तेवढंच लिहायचं.
चौथीतला मुलगा लिहितो, ‘गणू खूप दुःखी होता.’ हे वाक्य खोडायचं नाही. विचारायचं, हे दिसतं का? मग करून दाखव. कुणी गुडघ्यात डोकं घालतं, कुणी ताट बाजूला सारतं. त्यातून नवं वाक्य येतं : ‘गणू भाकरी तशीच ठेवतो.’ चार शब्द. कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी. विशेषणं शोधत बसावं लागत नाही, आणि लिहिणं अडतं ते बहुतेक वेळा तिथेच.

काळाचा घोळ मात्र होतोच. गोष्ट म्हटलं की मुलांच्या हातून ‘होता, गेला, म्हणाला’ उतरतं, कारण ऐकलेली प्रत्येक गोष्ट तशीच सांगितली गेलेली असते. पटकथा वर्तमानकाळात लिहितात. व्याकरण समजावत बसू नये. एकाने कृती करावी, दुसऱ्याने क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखं बोलत जावं : ‘उठतो, घागर उचलतो, दाराशी थांबतो.’ बोललं तसंच कागदावर घ्यावं.

(दृश्य : सुतळीवर चिमट्यांनी टांगलेली कार्डं. दोन मुली त्यांची अदलाबदल करताहेत.)

निवेदन :
साहित्य फारसं लागत नाही. जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू पोस्टकार्डाच्या मापात कापायची. एका दृश्याला एक कार्ड. ४-५ मुलांचा गट, वेगवेगळ्या इयत्तांचा. ३ मिनिटांच्या फिल्मला ५ ते ६ दृश्यं पुरे. सातवं कार्ड आलं तर कोणतं काढायचं, ते गटाने ठरवायचं. त्या भांडणात मुलं सगळी कार्डं पुन्हा पुन्हा वाचतात, आणि कुणी ‘वाचा’ म्हटलेलं नसतं.
कार्डांचा तळावर आणखी एक उपयोग आहे. टोळी मधेच हलते, मुलं येतात-जातात. वहीत लिहिलेली पटकथा वहीबरोबर निघून जाते. कार्डं दोरीवर राहतात. नव्या मुलाला त्यातलं एक दृश्य देता येतं.

गोष्टीला बंधन घालायचं. जागा १०० पावलांच्या आत, पात्रं जास्तीत जास्त ३, आणि जिच्यावरून सगळं अडेल अशी एक वस्तू : एक चप्पल, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत राहिलेलं दप्तर, चार्जिंग संपलेला मोबाइल. बंधन नसलं तर पोलीस, बंदूक, हेलिकॉप्टर येणार आणि पानभर ‘ढिशुम, ढिशुम’. ऐकायला मजेदार, पण त्यात वाक्य एकही नसतं.

संवाद ज्याच्या त्याच्या बोलीत. ‘दप्तर कुठं ठिवलंस गं?’ यातलं ‘ठिवलंस’ दुरुस्त करायचं नाही. लमाण तांड्यावरचं मूल आईला याडी म्हणतं, तर कागदावरही याडीच. कृतीच्या ओळी तेवढ्या प्रमाण मराठीत. बोली आणि पुस्तकातली भाषा एकाच पानावर, आपापल्या जागी बसतात. एरवी शाळेत पहिल्याच ओळीवर लाल रेघ पडते आणि मूल गप्प होतं. लाल पेन इथे आणूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

(दृश्य : गोल करून बसलेली मुलं. एक जण मोठ्याने वाचतो. अडखळतो. हशा.)

निवेदन :
सगळ्यात जास्त शिकणं या बैठकीत होतं. नियम असा : लिहिणाऱ्याने स्वतःचं पान वाचायचं नाही. दुसऱ्याने वाचायचं, तिसऱ्याने वाचलं तसं करायचं. कागदावर आहे : ‘गणू बांधावर खत बसतो.’ वाचणारा तसंच वाचतो आणि करणारा बांधावर खत पसरायला लागतो. लिहिणारा ओरडतो, ‘अरे, खात!’ आणि स्वतःच काना देतो. काना, मात्रा, अनुस्वार कशासाठी असतात ते इथे कळतं, कारण चुकलं की दृश्यच बदलतं. बाईंनी आधीच दुरुस्ती केलेली असेल, तर हा प्रसंग घडतच नाही.

वाचताना घड्याळ लावायचं. एक पान म्हणजे एक मिनिट, हा सिनेमावाल्यांचा ठोकताळा टाइप केलेल्या पानाचा. मुलांच्या मोठ्या अक्षरात तो चालत नाही.

ज्याला अजून लिहिता येत नाही, त्याने सांगायचं आणि सोबत्याने शब्दन् शब्द उतरवायचा. मग ते पान त्यालाच वाचायला द्यायचं. वाक्य त्याचंच असल्याने पुढचा शब्द त्याला अंदाजाने येतो, आणि अंदाज अक्षराशी ताडून पाहता येतो. पण सांगितलेलं ‘सुधारून’ लिहिलं, की हा आधार जातो.
मात्र अक्षरओळखच नसलेल्या मुलाला पटकथा बाराखडी शिकवत नाही. त्याला रोज १५-२० मिनिटं वेगळा सराव द्यावाच लागतो. मुलांना कितपत वाचता येतं ते तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात वाचनाच्या पायऱ्या आहेत : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. गट पाडण्याआधी प्रत्येक मूल कोणत्या पायरीवर आहे ते बघून घ्यावं. शब्दाच्या पायरीवरच्याला मथळे, परिच्छेदाच्या पायरीवरच्याला कृतीच्या ओळी, संवाद सगळ्यांचे.

(दृश्य : बाईंच्या पर्समध्ये मोबाइल. पर्स खुंटीला.)

निवेदन :
बहुतेक ठिकाणी हा उपक्रम बिघडतो तो मोबाइलपाशी. पहिल्या दिवशी कॅमेरा बाहेर काढला, की कागद संपला. प्रत्येकाला पडद्यावर दिसायचं असतं, लिहायचं कुणालाच नसतं. ४५ मिनिटांच्या १२ तासिका असतील, तर चित्रीकरणाला शेवटच्या दोनच. ज्या दृश्याचा दुसरा खर्डा झालेला नाही, ते चित्रित करायचं नाही. दुसरा धोका हुशार मुलाचा. पेन सतत त्याच्याच हातात राहतं. म्हणून दर कार्डाला पेन बदलायचं.
चित्रीकरणात कसरती नकोत. मोबाइल आडवा, विटांवर टेकवलेला. बोलणारा जवळ, हातभर अंतरावर; लांब गेला की फक्त ट्रॅक्टर ऐकू येतो.

वेळ दुपारची धरावी. फडात ऊसतोड पहाटेच सुरू होते, आणि थोरल्या मुली धाकट्याला कडेवर घेऊनच येतात. धाकट्यांसाठी चटई आणि कुणीतरी मोठं माणूस ठेवलं नाही, तर त्या मुली तिसऱ्या तासिकेनंतर दिसत नाहीत.

(दृश्य : पानावर तारीख लिहिणारा हात. टाचणीने जोडलेले तीन खर्डे.)

निवेदन :
एकही खर्डा फेकायचा नाही. प्रत्येकावर तारीख आणि नाव घालून पहिला, दुसरा, तिसरा एकत्र टाचायचे. स्थलांतर करणाऱ्या मुलाजवळ शिक्षण हमी कार्ड (दुसऱ्या गावच्या शाळेत शिक्षण सुरू ठेवता यावं म्हणून दिलेलं) असेल, तर त्याच्याबरोबर हीही पानं पाठवावीत. पुढच्या शाळेतल्या शिक्षकाला मूल कुठवर आलंय ते त्यावरून कळतं, आणि त्याला पुन्हा अ-आ-इ पासून बसवलं जात नाही.