किडनीची वाट न पाहणारं औषध

(दृश्य: रुग्णाचा डावा हात)

या हातावर फुगलेली, वळणं घेतलेली शीर दिसते ना, तो डायलिसिससाठी केलेला फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर यांचा शस्त्रक्रियेने केलेला जोड. बोट ठेवलं की खालून थरथर जाणवते. या हाताला आज सुई टोचायची नाही, रक्तदाबाचा पट्टाही बांधायचा नाही. डायलिसिस काल झालंय, पोटॅशियम सकाळी तपासलंय.

(दृश्य: फ्रिजमधली कुपी)

भूलतज्ज्ञ फ्रिजमधून काढतायत ते स्नायू सैल करणारं औषध, सिसअ‍ॅट्राक्युरियम. पोटाच्या शस्त्रक्रियेत नुसती झोप पुरत नाही. श्वासनलिकेत नळी घालायला आणि सर्जनला आत काम करायला स्नायू सैल पडावे लागतात. तशी औषधं पुष्कळ आहेत. पण दोन्ही किडन्या निकामी असतील, तर आधी विचारायचं ते हे: दिलेलं औषध शरीरातून जाणार कसं?

गॅलामिन हे जुनं औषध जवळजवळ सगळंच लघवीवाटे जायचं. लघवीच होत नसलेल्या रुग्णात ते अडकून बसे. पॅनक्युरोनियमचाही मोठा भाग किडनीवर अवलंबून. व्हेक्युरोनियम त्यापेक्षा बरं, पण यकृतात त्यापासून बनणारा एक घटक स्वतःच स्नायू सैल करतो, आणि डोस देत राहिलं की साचत जातो. रोक्युरोनियम मुख्यतः पित्तावाटे जातं, तरी या रुग्णांत त्याचा परिणाम किती लांबेल याचा नेम नसतो.

ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात जॉन स्टेनलेक यांनी वेगळीच वाट धरली. औषध संपवायला कुठला अवयवच लागू नये! शरीराच्या तापमानाला आणि रक्ताच्या पीएचला आपोआप तुटेल असा रेणू त्यांनी बांधला. त्यामागची रासायनिक क्रिया रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांनी 1851 मध्येच मांडलेली होती. त्यातून अ‍ॅट्राक्युरियम आलं. ते दहा समघटकांचं, म्हणजे अणू तेच पण मांडणी वेगळी अशा रेणूंचं, मिश्रण. त्यातला एकच वेगळा काढला, ते हे सिसअ‍ॅट्राक्युरियम. हिस्टामिनचा त्रास (अंग लाल होणं, रक्तदाब उतरणं) कमी, आणि थोड्या डोसात काम होतं. तुटणं कुपीतच सुरू होऊ नये म्हणून ते आम्लधर्मी द्रावणात, 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवतात.

(दृश्य: उजव्या हाताचा अंगठा)

मनगटावरच्या नसेला अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने विजेचे चार हलके झटके. पहिल्यांदा अंगठा चारही वेळा हलतो. औषध शिरेत जातं. आता बघा: तीन... दोन... एक... अंगठा स्थिर. नळी घालायला हीच वेळ.

तातडीच्या शस्त्रक्रियेत, पोट भरलेलं असताना, सक्सिनिलकोलीन हे झटपट स्नायू सैल करणारं औषधही देता येतं. त्याने पोटॅशियम लिटरमागे साधारण 0.5 ते 1 मिलिइक्विव्हॅलंट चढतं, म्हणून ते आधीच वाढलेलं असेल तर नको.

(दृश्य: पुन्हा अंगठा, शेजारी पडदा)

शस्त्रक्रिया संपत आली. अंगठा एकेक करून चार वेळा हलू लागतो. पण हललं म्हणजे झालं नाही. चौथी हालचाल पहिलीच्या किमान 0.9 पट भरली पाहिजे, आणि ते डोळ्यांना कळत नाही, यंत्रालाच कळतं. म्हणूनच किडनीच्या रुग्णाला असं औषध देताना हे मोजमाप हवंच, औषध कितीही भरवशाचं असलं तरी. त्याआधी नळी काढली तर श्वास अपुरा पडू शकतो, लाळ फुप्फुसात उतरू शकते, पुन्हा व्हेंटिलेटर लागू शकतो.

उरलेला परिणाम उतरवायला निओस्टिग्मिन दिलं जातं. तेही बरंचसं किडनीवाटेच जातं, त्यामुळे इथे जास्त वेळ टिकतं. या एका ठिकाणी किडनीची मंदगती रुग्णाच्या बाजूने पडते.