बुबुळाचा काठ

(दृश्य: पानटपरी. दोरीला लटकणाऱ्या पुड्यांच्या माळा.)

तंबाखूसोबत मिळणारी चुन्याची पुडी. बोटाएवढी, आत ओला चुना. मोठ्यांच्या खिशातून ती कधी पोराच्या हाती लागते. पोर तिच्याशी खेळतं, दाबतं, दातांनी तोंड फोडू बघतं. पुडी फुटते आणि चुना पिचकारीसारखा डोळ्यात उडतो.

चुना हा अल्कली, म्हणजे जळजळीत क्षार. तो वरवर भाजून थांबत नाही, आत शिरत राहतो. त्याचे कण पापणीच्या आत दडून बसतात. अशा वेळी दूध, तूप, गुलाबपाणी काही शोधत बसू नका. डोळा उघडा धरून नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस-तीस मिनिटं धुवा, आणि मग थेट डॉक्टरकडे.

(दृश्य: डोळ्याचा क्लोजअप. पांढरं कुठे संपतं, काळं कुठे सुरू होतं.)

काळ्या-पांढऱ्याच्या मधली ही किनार नीट बघा. वैद्यकात तिला लिंबस म्हणतात. बुबुळावरची पारदर्शक त्वचा सतत झिजते आणि सतत नवी होते. ती नवी करणाऱ्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, याच काठावर राहतात. काठ जळला की हे कारखाने बंद पडतात. मग पांढऱ्या भागावरची त्वचा रक्तवाहिन्यांसकट बुबुळावर चढते. घरातली माणसं म्हणतात, डोळ्यात फूल पडलं.

नेत्रदानातून मिळालेलं बुबुळ बसवलं तर? नुसतं तेवढं करून भागत नाही. काठच मेलेला असेल, तर नव्या बुबुळावरही तोच पडदा चढतो.

1989 मध्ये केन्यन आणि त्सेंग या नेत्रतज्ज्ञांनी चांगल्या डोळ्याच्या काठाचे मोठे तुकडे काढून जखमी डोळ्यावर लावले. उपाय लागू पडला, पण एकुलत्या एक धड डोळ्याला एवढी कात्री लावायची म्हणजे छातीत धस्स होणारच. 1997 मध्ये इटलीत ग्राझिएला पेलेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांनी अगदी छोटा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. त्यातूनच पुढे 2015 मध्ये युरोपात होलोक्लार या उपचाराला मान्यता मिळाली. प्रश्न खर्चाचा. अशी प्रयोगशाळा उभारणं गावोगावच्या डोळ्यांच्या दवाखान्यांना कुठून परवडणार?

(दृश्य: शस्त्रक्रियागृह. सूक्ष्मदर्शकातून दिसणारा डोळा.)

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत पेशी वाढवण्याचं हे काम आधीपासून चालूच होतं. तिथल्या वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये एक साधी युक्ती मांडली: पेशी प्रयोगशाळेत कशाला, डोळ्यावरच वाढू द्या. तिचं नाव स्लेट (SLET), म्हणजे काठाच्या पेशींचं सोपं रोपण.

आधी बुबुळावर चढलेला पडदा सोलून काढतात. त्या जागी गर्भाभोवतीच्या पिशवीचा पातळ पापुद्रा चिकटवतात. बाळंतपणानंतर वारेबरोबर जो टाकून दिला जातो, तोच, तपासून जतन केलेला. मग चांगल्या डोळ्याच्या काठाचा 2 मिलिमीटरचा चौकोन. म्हणजे तिळापेक्षाही लहान! त्याचे आठ-दहा बारीक कण करतात आणि शेतात रोप लावावं तसे ते पापुद्र्यावर गोलाकार मांडतात. टाका एकही नाही, फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा गोंद. वरून मऊ लेन्स.

सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. 125 रुग्णांच्या 2016 च्या अहवालात 76 टक्के डोळ्यांचा पृष्ठभाग टिकून राहिला. त्यात 60 मुलं होती. दोन्ही डोळे भाजले असतील तर कण घ्यायचे कुठून? मग नातेवाइकाचे किंवा मृत दात्याचे घ्यावे लागतात, आणि शरीराने ते नाकारू नयेत म्हणून औषधं. ती वाट अवघड.

(दृश्य: तपासणीची अंधारी खोली. निळा प्रकाश.)

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर डोळ्यात पिवळा थेंब सोडतात. निळ्या प्रकाशात जिथे त्वचा नाही, तो भाग हिरवा चमकतो. सुरुवातीला बुबुळ बरंचसं हिरवं. प्रत्येक कणाभोवती मात्र एक काळसर बेट. पुढच्या तपासणीला बेटं रुंदावलेली. त्याच्या पुढच्या खेपेला ती एकमेकांना भिडलेली, आणि मधे उरलेली हिरवी रेघ दोऱ्याइतकी बारीक.